थंडी खालून येते

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती ऐकून अंथरुणाकडे पाहणारा मनुष्य क्वचितच आढळतो. वडील माणसें ही म्हण खर्चाच्या वेळीं उच्चारतात आणि ऐकणारा आपल्या खिशाकडे पाहतो. अंथरूण बिचारें जेथल्या तेथें राहतें. यांत नवल नाहीं. घरची गादी एकदां पिंजाऱ्याकडून भरून आणली, कीं ती वर्षानुवर्षें एकाच खोलींत पडून असते. तिचें वजन किती हा प्रश्न कोणाच्या मनांत येण्याचें कारण नाहीं; कारण ती पाठीवर घेऊन डोंगर चढण्याचा प्रसंग आपणांवर येत नाहीं. ज्याच्यावर तो येतो, त्याला मात्र अंथरूण हा मोठ्या विचाराचा विषय होऊन बसतो. अशा एका माणसासाठीं अंथरूण निवडण्याचें काम २०२४ सालीं माझ्याकडे आलें. त्या निमित्तानें जें कळलें, तें आमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

हा माणूस म्हणजे माझा पुतण्या. तो गेलीं कित्येक वर्षें नोकरीनिमित्त अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत डेन्व्हर शहरीं राहतो. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मी व माझी पत्नी त्याच्याकडे पाहुणचारास गेलों होतों. तेथें गेल्यावर समजलें, कीं सप्टेंबरांत तो आपल्या कचेरींतील एका सोबत्याबरोबर पांच दिवस रॉकी पर्वतांत एल्कच्या शिकारीस जाणार आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठें असें हरीण. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार, थोडे अपवाद सोडले तर, बंद झाली. तेथें ती परवाना काढून, नेमलेल्या हंगामांत व नेमलेल्या मुलखांत करतां येते. सप्टेंबर हा धनुष्यबाणाचा हंगाम होय.

शिकार म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें संस्थानिकांचे तंबू, हत्ती आणि खाटा वाहणारे हमाल असा थाट उभा राहतो. या शिकारींत त्यांतलें कांहीं नाहीं. रस्ता संपेल तेथें मोटार उभी करावयाची, पांच दिवसांचें अन्न, राहुटी, पांघरूण, धनुष्य हें सगळें आपल्याच पाठीवर घ्यावयाचें, आणि नऊ-दहा हजार फूट उंचीवरील रानांत पायीं शिरावयाचें. हें ओझें अठरा-वीस किलो भरतें. शिकार साधली तर परतीचें ओझें निराळेंच. मोठ्या नराचें हाडें काढलेलें मांसच शंभर किलोंच्या घरांत जातें, आणि खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा त्या राज्यांत गुन्हा आहे. तें सर्व खांद्यावरून, कित्येक खेपा करून, मोटारीपर्यंत आणावें लागतें. अशा वेळीं अंथरुणाचे दोनशे ग्रॅम हाही हिशेबाचा विषय ठरतो.

आमचें घर पिढ्यान्पिढ्या शाकाहारी. पुतण्याचें खाणें तिकडे गेल्यावर बदललें हें सर्वांस ठाऊक होतें. पण त्याविषयीं उघड बोलण्याची पद्धत नव्हती. शिकारीची वार्ता पुण्यास पोहोंचली त्या दिवशीं मात्र फोनवर सगळें घर गोळा झालें. दादा नेहमींप्रमाणें गप्प होते. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तेथें आहांत. चार शब्द सांगा त्याला. आपल्या घरांत हें कधीं झालें नाहीं." एवढ्यांत माझ्या मातोश्रींनीं फोन मागून घेतला. त्यांचें वय त्या वेळीं अठ्ठ्याऐंशी. त्यांनीं नातवाला विचारलें, "शिकारीचें तुझें तूं पाहा. रात्रीं निजतोस कशावर?"

तो म्हणाला, "आजी, पिसांचें पांघरूण असतें. पिशवीसारखें. बर्फांतसुद्धां चालतें."

"पांघरुणाचें नाहीं विचारलें मीं. खालीं काय घालतोस तें सांग. थंडी खालून येते."

मातोश्रींचें माहेर घाटमाथ्यावरचें. माघांतल्या रात्रीं तेथें सारवलेल्या जमिनीवर आधीं गोणपाट, त्यावर धनगरी घोंगडी आणि तिच्यावर गोधडी अशी उतरंड मांडीत. पाहुणा आला आणि पांघरुणें कमी पडलीं, तर दोन घोंगड्यांपैकीं एक वर न देतां खालीं द्यावी असा घरचा रिवाज होता. त्यामागचें शास्त्र कोणी सांगितलें नव्हतें, परंतु तें त्यांना अनुभवानें पक्कें माहीत होतें.

वहिनींचें सांगणें मी टाळलें नाहीं. त्या रात्रीं पुतण्याजवळ विषय काढला. तेव्हां त्यानें मागील वर्षाची हकीकत सांगितली. त्या वेळीं त्यानें एक स्वस्त, पातळ फोमची गुंडाळी नेली होती. तीन रात्री थंडीनें आणि कंबरेच्या ठणक्यानें त्याला झोंप लागली नाहीं. चौथ्या दिवशीं उजाडतां उजाडतां तीस यार्डांवर एक मोठा नर येऊन उभा राहिला. धनुष्य ओढल्यावर हाताचा कंप थांबेना. शेवटीं त्यानें तें खालीं घेतलें. "काका," तो म्हणाला, "बाण सुटला असता, तर कोठें लागला असता तें सांगवत नाहीं. पोटांत लागला असता तर तो जीव दोन-दोन दिवस कुठल्यातरी घळींत पडून राहिला असता."

त्या एका वाक्यानें माझा निर्णय झाला. शिकारीस जावें कीं न जावें, हा चाळिशीच्या घरांतल्या गृहस्थाचा स्वतःचा प्रश्न होता, आणि माझ्या चार शब्दांनीं तो फिरणारा नव्हता. परंतु एखादें जनावर अर्धमेल्या स्थितींत तडफडत राहावें कीं नाहीं, हें कांहीं अंशीं त्याच्या झोंपेवर अवलंबून होतें. थकलेला मनुष्य अंतर चुकीचें अजमावतो, घाई करतो, आणि सोडून देण्यासारखा नेम सोडून देत नाहीं. ज्याच्या हातीं दुसऱ्याचा प्राण आहे त्यानें पुरतें निजलेलें असावें, ही अपेक्षा आपण शस्त्रवैद्याकडून करतों, मोटार हांकणाऱ्याकडून करतों. शिकाऱ्याकडून कां करूं नये? मी वहिनींस तसें कळविलें. त्या दोन दिवस माझ्याशीं बोलल्या नाहींत. पण अंथरुणाचें काम मी मोकळ्या मनानें हातीं घेतलें.

प्रथम मातोश्रींच्या सूत्राचा अर्थ समजून घेऊं. पिसांचें पांघरूण ऊब देतें, तें पिसांमध्यें अडकून राहिलेल्या स्थिर हवेच्या बळावर. अंगावर तें फुगलेलें असतें. अंगाखालीं मात्र दाबलें जातें, हवा निघून जाते आणि दोन कापडांचें पातळ अस्तर तेवढें उरतें. जमीन तर इतकी मोठी, कीं ती कोणाच्या अंगानें तापावयाची नाहीं. रात्रभर ती ऊब ओढून घेत राहते. म्हणून वर कितीही भारी पांघरूण असलें, तरी खालची बाजू उघडीच राहते. दाबलें तरी आपली हवा सोडणार नाहीं असें कांहीं तरी अंगाखालीं असावें लागतें. घोंगडीची राठ लोंकर थोडी-बहुत हेंच काम करीत असे.

बाजारांत अशा पथाऱ्या तीन जातींच्या मिळतात. पहिली बंद छिद्रांच्या फोमची, जिला आपल्याकडील गिर्यारोहक 'कॅरीमॅट' म्हणतात. ती सुमारे चारशे ग्रॅम भरते, किंमत सर्वांत कमी, आणि कांटा टोंचला तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. दोष एवढाच, कीं ती दोन सेंटीमीटरांहून जाड क्वचितच असते. कुशीवर निजणाऱ्याचें कंबरेचें हाड सरळ जमिनीशीं भिडतें. दुसरी आपोआप फुगणारी. हवाबंद कापडांत मोकळ्या छिद्रांचा फोम भरलेला असतो. झडप उघडली, कीं फोम उसळी घेतो आणि हवा आंत ओढतो. सीअ‍ॅटल शहरीं बोइंगच्या विमान-कारखान्यांतून मंदीमुळें दूर झालेल्या अभियंत्यांनीं ही युक्ति काढली. बागकामाच्या वेळीं गुडघ्याखालीं घेण्याच्या फोमच्या उशीवरून ती सुचली असें सांगतात. १९७२ सालीं 'थर्म-अ-रेस्ट' या नांवानें त्यांचा व्यवसाय सुरू झाला. ही पथारी सुखाची व टिकाऊ, पण वजन बहुधा पाऊण किलोच्या आसपास जातें. तिसरी केवळ हवेची. सात-आठ सेंटीमीटर जाड, तरी घडी केल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी, आणि वजन चारशे-पांचशे ग्रॅम.

एवढें वाचून कोणासही वाटेल, कीं तिसरीच घ्यावी. एवढी जाड गादी उबदार असणारच. येथेंच फसगत होते. हवा स्थिर असेल तर ऊब राखते. पण मोठ्या पोकळींत ती फिरत राहते. अंगाकडची ऊन हवा आणि जमिनीकडची गार हवा एकमेकींत मिसळतात, आणि जाड गादीवर निजूनही पाठ गारठते. यासाठीं चांगल्या प्रतीच्या गाद्यांत पिसें, कृत्रिम तंतु किंवा ऊब परत फेंकणारा चकचकीत पातळ पडदा घातलेला असतो. बाहेरून दोन्ही गाद्या सारख्याच दिसतात. भेद कळतो तो एका आंकड्यावरून.

या आंकड्याला तिकडे 'आर-मूल्य' म्हणतात. उष्णतेच्या वाहण्यास पथारी किती अडवते त्याचें तें माप आहे. पूर्वीं प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीनें मोजून आपापला आंकडा छापी, त्यामुळें तुलना करतां येत नसे. २०१८ सालीं सर्वांसाठीं एक मोजणीची पद्धत ठरली: एक ऊन आणि एक गार अशा दोन तबकड्यांमध्यें पथारी ठेवावयाची, आणि ऊन तबकडी तशीच ऊन राखण्यास किती शक्ति खर्च होते तें मोजावयाचें. साधारण नियम असा, कीं दोनपर्यंतचा आंकडा उन्हाळ्यापुरता. दोन ते चार वसंत-शरदाच्या रात्रींस पुरेसा. पाणी गोठेल अशा रात्रीं चाराच्या पुढें. आणि बर्फावर निजावयाचें तर साडेपांच-सहाच्या पुढें. फोमच्या साध्या पथारीचा आंकडा दोनच्या जवळपास असतो, अस्तर नसलेल्या हवेच्या गादीचा एकच्या आसपास, आणि अस्तर असलेलीचा चार ते सात. यांत एक मोठी सोय आहे. एकावर एक दोन पथाऱ्या घातल्या, तर त्यांच्या आंकड्यांची सरळ बेरीज होते. मातोश्रींची गोणपाट-घोंगडी-गोधडीची उतरंड म्हणजे हीच बेरीज.

आंकडे समजले, तरी अंथरूण अंगानेंच पारखावें लागतें. म्हणून आम्हीं तिन्ही जातींच्या पथाऱ्या मागून-उसन्या आणून ऑगस्टच्या अखेरीस केनोशा खिंडींत दोन रात्री काढल्या. ही खिंड डेन्व्हरच्या नैर्ऋत्येस सुमारे दहा हजार फूट उंचीवर आहे, आणि तेथें राहुट्या ठोकण्याची सरकारी जागा आहे. माझें वय सदुसष्ट, कंबर जुनी दुखरी, आणि संवय कुशीवर निजण्याची. परीक्षक म्हणून याहून कडक मनुष्य मिळाला नसता. फोमच्या पथारीवर थंडी फारशी वाजली नाहीं, पण तासागणिक कूस बदलावी लागली. अस्तर नसलेल्या हवेच्या गादीवर निजतांना स्वर्ग वाटला, आणि दोन वाजतां पाठीखालीं ओला टॉवेल घातल्यासारखी जाग आली. आपोआप फुगणारीवर पुतण्यानें उत्तम झोंप घेतली, पण सकाळीं ती गुंडाळून हातांत तोलल्यावर मान हलविली. अस्तराच्या हवेच्या गादीवर मी पहाटेपर्यंत निजलों. मात्र कूस बदलतांना तिच्यांतला पडदा बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीसारखा वाजे, आणि राहुटींतला दुसरा मनुष्य जागा होई. दुकानांत गादीवर नुसतें बसून हा दोष कळत नाहीं. निजून, कुशी बदलून पाहावें लागतें.

आणखीही कांहीं गोष्टी ध्यानांत आल्या. रुंदी नेहमींची एकावन्न सेंटीमीटर असते. पुतण्याचे हात तिच्यावरून रात्रभर खालीं घसरत. चौसष्ट सेंटीमीटरांची घेतली तर शंभर-सवाशें ग्रॅम वाढतात, पण धनुष्य ओढणारे खांदे गारठत नाहींत. हवेची गादी टणक फुगवूं नये. कुशीवर निजून हळूहळू हवा सोडावी, आणि कंबर किंचित् खालीं जाऊनही जमिनीस लागत नाहीं अशा ठिकाणीं थांबावें. संध्याकाळीं फुगविलेली गादी मध्यरात्रीं ढिली झाली म्हणजे ती फुटलीच असें नाहीं. हवा तीस अंशांवरून शून्यावर आली, तर तिचा सुमारें दहावा हिस्सा आक्रसतो. निजण्यापूर्वीं दोन फुंकरा अधिक घालाव्या. शक्य तर तोंडानें न फुंकतां पंपाच्या पिशवीनें हवा भरावी, म्हणजे श्वासांतली वाफ आंत साचून अस्तर ओलें होत नाहीं. प्रवासास निघण्याच्या आधीं गादी फुगवून एक रात्र घरींच वजनाखालीं ठेवावी. हवा गेली तर पाण्याखालीं धरून बुडबुडे पाहावे, आणि ठिगळ व डिंक बरोबर बांधावा.

सर्व विचार करून शेवटीं जें ठरलें तें असें: अस्तराची, चौसष्ट सेंटीमीटर रुंद व आठ सेंटीमीटर जाड हवेची गादी, आर-मूल्य साडेचार, तिच्याखालीं तीन मिलिमीटर जाडीचा फोमचा एक पातळ पत्रा, ज्याचा आंकडा अर्धा. बेरीज पांच. स्वयंपाकघरांतल्या तराजूवर दोन्ही मिळून सहाशें ग्रॅमांच्या थोडें आंतच भरलीं. फोमच्या पत्र्यानें कांटे-खडे गादीपर्यंत पोहोंचत नाहींत. दुपारीं कड्यावर बसून तासन्तास दुर्बिणींतून पाहावयाचें असतें, तेव्हां घडी घालून त्याचेंच आसन होतें. आणि गादीनें रानांत दगा दिला, तर अगदींच उघड्या जमिनीवर निजण्याची पाळी येत नाहीं. याहून दोनशे ग्रॅम हलकी जोडी मिळाली असती. ती आम्हीं समजून-उमजून घेतली नाहीं. ओझें दिवसा कांहीं तास वाहावयाचें असतें, आणि त्या अंथरुणावर सगळी रात्र काढावयाची असते. पैसेही कमी पडले नाहींत. साध्या फोमच्या पथारीला पन्नासेक डॉलर पडतात, चांगल्या हवेच्या गादीला दोनशेंच्या पुढें. परवाना, धनुष्य, मोटारीचें पेट्रोल यांवर सढळ खर्च करून अंथरुणाशीं काटकसर करणारे पुष्कळ असतात. त्यांची रास्त काटकसर कोणती, तें त्यांनीं तिसऱ्या रात्रीं ठरवावें.

पुतण्या सहाव्या दिवशीं रिकाम्या हातानें परतला. रोज रात्रीं सहा-सात तास झोंप लागली, असें त्यानें सांगितलें. एका पहाटे राहुटीवर दंव गोठलें होतें तें त्याला उठल्यावर कळलें. शेवटच्या दिवशीं साठ यार्डांवर एक नर आडवा उभा राहिला होता. "हात स्थिर होता, काका," तो म्हणाला, "म्हणूनच नीट दिसलें कीं अंतर जास्त आहे. जाऊं दिला." हें ऐकून पुण्याच्या घरीं आनंद झाला. वहिनींस वाटलें, कीं माझे चार शब्द लागू पडले. मातोश्रींनीं तेवढें विचारलें, पाठ दुखली का. मला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुढें एखाद्या वर्षीं अंतर बरोबर असेल, हात स्थिर असेल आणि शिकार साधेलही. त्या शिकारींत मीं निवडलेल्या अंथरुणाचा वांटा असेल. त्या दिवशीं वहिनींस काय सांगावयाचें तें मीं अजून ठरविलेलें नाहीं. परंतु घायाळ जनावर घळींत टाकून आलेला पुतण्या घरांत घेण्यापेक्षां हें उत्तर शोधणें मला सोपें वाटतें.

आपल्या वाचकांपैकीं शिकारीस जाणारा बहुधा कोणी नसेल. परंतु हिमालयांत पदयात्रेस जाणारी मुलें-मुली, किल्ल्यावरील देवळाच्या फरशीवर रात्र काढणारे कॉलेजचे विद्यार्थी, वारीला पायीं जाणारे वडीलधारे आज घरोघर आहेत. त्यांना निरोप देतांना आपण शाल, स्वेटर, कानटोपी, लाडवांचा डबा सर्व कांहीं आठवणीनें बांधून देतों. खालीं काय घालणार हें विचारावयाचें राहून जातें. त्यांना तिघांचें मिळून एकच अंथरूण पुरणार नाहीं. उन्हाळ्यांत किल्ल्यावर जाणाऱ्यास फोमची साधी कॅरीमॅट पुष्कळ झाली, वारकऱ्यास सतरंजीखालीं तीच पुरे. पण बारा हजार फुटांवर बर्फाजवळ निजणाऱ्यास तिच्या जोडीला दुसरा थर लागेल, आणि साठी उलटलेल्यास थंडीइतकाच कंबरेचा विचार करावा लागेल. निघण्याच्या आधीं एक रात्र त्यांना त्याच अंथरुणावर घरच्या फरशीवर निजवून पाहावें. सकाळीं ते न कण्हतां उठले, तर खुशाल जाऊं द्यावें.